कापसाच्या हंगामातली पडताळणी

कार्तिक उतरणीला लागला, की धुळ्यातल्या आमच्या घराच्या खिडकीच्या जाळीवर पांढरे तंतू येऊन बसू लागतात. शिरपूरकडून येणाऱ्या कापसाच्या गाड्या समोरच्या रस्त्याने जातात. त्यांच्यावर ताणलेल्या दोरखंडांच्या जाळ्यांतून जे सुटते, ते वाऱ्याबरोबर कडुनिंबावर, विजेच्या तारांवर, वाळत घातलेल्या धोतरावर विसावते. सकाळी जाळी पुसायला घेतो, तेव्हा बोटांना तो मऊ, किंचित तेलकट स्पर्श होतो आणि मन धरणगावला जाते. त्या गावच्या महाविद्यालयात मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. तिथले कितीतरी हंगाम मी पाहिले. पण या तंतूंबरोबर आठवतो तो एकच, आणि त्यात श्लोक एकही नाही. त्यात एक काचेची खोली आहे, एक सर्व्हर आहे, त्याला जोडलेले अकरा संगणक आहेत, आणि भडगावची सुजाता तायडे आहे.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. संस्थेने संगणक घेतले तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, "सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळणारी सुजाता आहे. मला न चुकता येणारा माणूस हवाय. इतक्या वर्षांत तुमचा एक तास बुडालेला नाही, नाना."

सुजाता आमच्याकडे संगणकाची शिक्षिका होती. सर्व्हरही तीच सांभाळत असे. वडील पोस्टात होते. तिने जळगावला राहून पदविका मिळवली होती. मात्र तिची नेमणूक तात्पुरती होती. दर अकरा महिन्यांनी तिच्या हाती नवा आदेश पडे, आणि तात्पुरत्या माणसाच्या हाती किल्ली देणे संस्थेच्या रीतीत बसत नव्हते. ज्याला कुलपाच्या आतले सारे ठाऊक होते, त्याच्याकडे किल्ली नव्हती. आणि ज्याच्याकडे किल्ली होती, त्याला आतले काहीच ठाऊक नव्हते. त्या वेळी ही गोष्ट मला खटकली नाही. आज लिहिताना खटकते.

त्या खोलीचे नियम मला आवडले, हे मात्र खरे. चपला बाहेर. पाण्याचा तांब्या आत न्यायचा नाही. खाणे वर्ज्य. बोलणे हळू. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या माणसाला यात परके असे काही वाटले नाही. वातानुकूलन यंत्राची एकसुरी घरघर, बॅटरीतल्या आम्लाचा पुसटसा वास, काचेआड लुकलुकणारा हिरवा दिवा. तिथे बसले की मन आपोआप स्थिर होत असे.

सुजाताने मला पहिल्याच आठवड्यात ती जाड काळी तार दाखवली. एकाच तारेवर अकराही संगणक ओवलेले, आणि तिच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी दोन टोपणे. "यातलं एक टोपण जरी निघालं ना नाना, तर बठ्ठे बंद," ती म्हणाली. बठ्ठे म्हणजे सगळे; घाईत बोलताना तिच्या शुद्ध भाषेत असा एखादा घरचा शब्द येऊन बसत असे. पुढे एकदा खरोखरच अकराही पडदे थिजले. गणिताचे पाटील सर टोकाच्या खुर्चीवर पाय लांबवून बसले होते आणि टोपण त्यांच्या बुटाला लागून निघाले होते. शिपाई गुलाबभाऊंनी ते टेबलाखालून शोधून काढले आणि दोन बोटांत धरून सर्वांना दाखवले. "हाई एवढंसं शे, आनि येना बिगर साहेबलोके बठ्ठा गप!" पाटील सर हसले आणि त्यांनी विषय माझ्यावर ढकलला, "शास्त्रीबुवा, या तारेची मुंज लावून टाका. म्हणजे आम्ही दुरून जाऊ."

माझ्याकडे किल्लीबरोबर एक काम आले होते, बॅकअप घेण्याचे. सायंकाळी पाच वाजता सगळे उठून गेले, की दिवसभरात सर्व्हरवर जे साठले त्याची प्रत एका टेपवर उतरवायची. ही टेप गाण्याच्या कॅसेटहून थोडी मोठी. सहा वारांच्या सहा टेपा. मी त्यांच्यावर शाईने नावे घातली होती: इंदुवार, भौमवार, सौम्यवार, गुरुवार, भृगुवार, मंदवार.

"नाना, मंदवार म्हणजे?"

"शनिवार."

"बरं झालं विचारलं. मला वाटलं त्या दिवशी मशीन हळू चालवायचंय."

टेप यंत्रात सरकवली की ती आत पुढे-मागे धावू लागे. तिचा आवाज कुणी दूरवर रहाट ओढत असल्यासारखा येई. पस्तीसेक मिनिटांनी पडद्यावर प्रश्न उमटे, पडताळणी करायची का? 'हो' म्हटले, की यंत्र टेप पुन्हा पहिल्यापासून वाचून काढी आणि मूळ मजकुराशी अक्षर न् अक्षर ताडून पाही. त्याला तेवढाच वेळ आणखी लागे. आषाढात सुजाताने मला हे समजावले होते. "हो म्हणायचं, नाना. नेहमी हो." आषाढात दिवस मोठा. सव्वासहाला सारे आटोपून मी घरी पोचे, हातपाय धुऊन पळी-पंचपात्र घेऊन बसे, आणि सूर्य मावळण्याआधी माझे अर्घ्य दिलेले असे. मुंज झाल्यापासून माझी सायंसंध्या वेळेवर झाली नाही असा दिवस आठवत नव्हता. याचा मला अभिमान होता, आणि तो अभिमान आहे हे मला कळत नव्हते.

खान्देशातला हेमंत ज्याने पाहिला आहे, त्याला दिवस आखडू लागल्याची खूण सांगावी लागत नाही. पहाटे जिनांची, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांची, धडधड सुरू होते. सरकीचा कडवट-गोड वास धुक्यासारखा जमिनीलगत पसरतो. शेताच्या बांधावर कपाशीच्या वाळक्या काड्या पेटतात आणि त्यांत हिरवी वांगी भाजली जातात. त्या भरिताचा धुरकट दरवळ संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरतो. आणि सूर्य, चोरपावलांनी, रोज थोडा आधी निघून जातो. कार्तिकात तो सहाच्या आतच क्षितिजाला टेकू लागतो, मार्गशीर्षात पावणेसहालाच.

पाच पस्तीसला पडद्यावर प्रश्न येई, आणि माझी नजर खिडकीबाहेर जाई. जिनाच्या धुराड्यामागे सूर्य तांबडा झालेला असे. मी 'नाही'चे अक्षर दाबत असे. पहिल्या दिवशी मन क्षणभर अडखळले. दुसऱ्या दिवशी अडखळले नाही. टेप तर उतरली होती, यंत्राने 'काम पूर्ण' असे सांगितले होते; मग पुन्हा वाचून पाहणे म्हणजे अविश्वास, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. टेप पांढऱ्या फडक्यात बांधून कपाटात ठेवायची, कुलूप लावायचे, आणि झपाझप पावले टाकत घर गाठायचे.

महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडेच जिन होते. कापसाचे तंतू खिडकीच्या फटींतून, दाराखालून, माणसांच्या कपड्यांवरून आत येत. गुलाबभाऊ दिवसातून तीनदा झाडत. "कपाशी बी आते कॉलेजमा शिकाले येस नाना. पन फी भरत नही." सुजाता बजावत असे की या दिवसांत यंत्राच्या आतले, टेपवर लिहिणारे टोक आठवड्याला स्पिरिटने पुसायला हवे. दिवाळीनंतर परीक्षेचे अर्ज भरून घेण्याचे काम तिच्या अंगावर पडले, तेव्हा मी म्हणालो, "तू ते बघ. पुसण्याचं माझ्याकडे." आणि मी पुसतही होतो, रोज, धुतलेल्या फडक्याने, अगदी निगुतीने. पुसत होतो ते यंत्राचे वरचे झाकण.

पौषातल्या एका सोमवारी सकाळी सर्व्हरमधून खरखर आवाज आला आणि हिरवा दिवा विझला. सुजाताने झाकण काढले, कान लावला आणि म्हणाली, "डिस्क गेली." तिच्या आवाजात भीती नव्हती. "टेपा आहेत ना. उद्या संध्याकाळपर्यंत सगळं जागेवर येईल." ती जळगावला जाऊन नवी डिस्क घेऊन आली. मंगळवारी दुपारी तिने ती बसवली आणि मी कपाटातून मंदवाराची टेप काढून, फडके सोडून तिच्या हाती दिली.

यंत्राने टेप ओढली, थांबले, पुन्हा ओढली. पडद्यावर आले, वाचता येत नाही. भृगुवार. वाचता येत नाही. गुरुवार, सौम्यवार, भौमवार, इंदुवार. सहाही फडकी टेबलावर उघडी पडली. सुजाताने विजेरी घेऊन यंत्राच्या तोंडात पाहिले आणि चिमट्याने आतून काहीतरी बाहेर काढले. ती कापसाच्या तंतूंची, काळपट पडलेली, नखाएवढी गादी होती.

"कधीपासून?" मी विचारले.

"यंत्र लिहीत होतं, पण उमटत नव्हतं. पडताळणीत लगेच कळायला हवं होतं." तिने मागील नोंदी उघडल्या. कार्तिकापासून प्रत्येक दिवसापुढे एकच अक्षर होते, 'नाही'चे. ती ते पाहत राहिली, मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने पडदा बंद केला आणि म्हणाली, "नाना, टोक मी पुसायला हवं होतं. चूक माझी आहे."

गेले ते परीक्षेचे अर्ज होते, सातशेच्या वर विद्यार्थ्यांचे. कागद होते, पण विद्यापीठाला यादी संगणकावरच द्यायची होती आणि सोमवार ही अखेरची मुदत होती. ते तरी कष्टाने भरून निघण्यासारखे होते. न भरून निघणारे दुसरेच होते. शनिवारी संस्थेच्या मंडळाची बैठक होती, आणि सुजाताला कायम करायचे की नाही, हा तिच्यातला विषय होता. चार वर्षे ती या दिवसाची वाट पाहत होती. बुधवारी सकाळी प्राचार्य मला व्हरांड्यात म्हणाले, "वेळच वाईट आली हो पोरीवर. सर्व्हर तिच्याकडे, तेव्हा जबाबदारी तिची, असंच मंडळ म्हणणार. दुसरा माणूस बघा म्हणतील." मी नुसती मान हलवली आणि काचेच्या खोलीकडे वळलो.

त्याच सकाळी अकराही संगणकांवर पुन्हा अर्ज भरायला सुरुवात झाली. प्राध्यापक, कारकून, टंकलेखन येणाऱ्या चार विद्यार्थिनी. पाटील सरांनी दोन बोटांनी टंकन सुरू केले आणि स्वतःलाच शिव्या देत दुपारपर्यंत चार बोटांवर आले. मला टंकन येत नव्हते. सुजाताने माझ्या हाती अर्जांचा गठ्ठा दिला. "तुम्ही नावं मोठ्यानं वाचा नाना. भरणारी मुलगी पडद्यावरून परत वाचून दाखवेल. दोन्ही जुळलं तरच पुढे."

मी वाचू लागलो. नाव, वडिलांचे नाव, गाव, विषय. मुलगी परत वाचे. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गावांची नावे आली, धरणगावच्या पेठांची आली. मी "पावरा" म्हणालो, आणि मुलीने वाचले, "पवार." "पुन्हा," मी म्हणालो. तिने ते दुरुस्त केले. त्या क्षणी माझे वाचन थांबले.

पाठशाळेत आमचे गुरुजी असेच करीत. संहिता पाठ झाली की पदपाठ, मग क्रम, मग जटा. तीच पदे सुलटी आणि उलटी, जोडीने, अदलून-बदलून. लहानपणी आम्हाला तो छळ वाटे. त्यामागची योजना पुढे कळली. एक पद जरी निसटले, तरी उलट म्हणताना ते उघडे पडते. शिवाय गुरुजी सुरुवातीपासून कधीच म्हणवून घेत नसत, मधूनच एखादे पद देत आणि म्हणत, "इथून चालू दे." दुसऱ्याच्या कानावर पडून तपासले जात नाही तोवर पाठांतराला पाठांतर म्हणायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. ज्या विद्येवर माझे सारे आयुष्य उभे होते, तिचा प्राणच पडताळणी हा होता. आणि मी देवाच्या कामाला उशीर नको म्हणून, रोज सायंकाळी, तिलाच 'नाही' म्हणत आलो होतो.

"नाना, पुढचं?" मुलीने विचारले. मी पुढचे नाव वाचले.

दुपारच्या सुटीत पाटील सरांच्या घरून भरीत आणि पुऱ्या आल्या. सुजाता एकटीच पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो.

"तू माझं नाव का नाही घेतलंस?"

तिने पुरी तशीच हातात धरली. "कोण ऐकणार होतं नाना? तुम्ही सांगाल ती पूर्व दिशा. मी म्हटलं असतं, तर म्हणाले असते, पाहा, स्वतःची चूक झाकायला पोरगी देवमाणसावर बालंट आणते." मग म्हणाली, "आणि टोक पुसायचं राहिलं, ते खरंच आहे."

"ते मी मागून घेतलं होतं."

"हो," ती म्हणाली. एवढेच.

त्या सायंकाळी मी एक कागद घेतला. कोणत्या दिवसापासून पडताळणी थांबवली, का थांबवली, आतले टोक पुसण्याचे काम कोणी मागून घेतले आणि प्रत्यक्षात काय पुसले, हे क्रमाने लिहिले. तो कागद प्राचार्यांनी वाचला आणि घडी घालून मला परत केला.

"कशाला ओढवून घेता, नाना? तीन वर्षं राहिली निवृत्तीला. तुम्हाला कुणी काही विचारलेलं नाही."

"म्हणूनच सांगायला हवं, सर."

शनिवारी मंडळापुढे मी तो उभा राहून वाचला. अध्यक्षांना सारे आबा म्हणत. तेच शेजारच्या जिनाचे मालक. वाचन संपले. भिंतीपलीकडून त्यांच्याच जिनाची धडधड येत होती. मग आबांनी चष्मा काढला.

"नाना, राग मानू नका. संध्या अर्धा तास उशिरा झाली असती, तर काय बिघडलं असतं?"

माझ्याकडे या प्रश्नाची शास्त्रातली उत्तरे पुष्कळ होती. वेळ टळली तर एक अर्घ्य अधिक द्यावे, इतकी सोपी सोय शास्त्राने स्वतःच करून ठेवली आहे. मी म्हणालो, "देवाकडे काहीच बिघडलं नसतं, आबा. इथे काय बिघडलं, ते तुमच्यापुढे आहे. आणि ते तिच्या हातून बिघडलेलं नाही."

आबा प्राचार्यांकडे वळले. "पोरगी कामाची शे का?"

"तिच्यावाचून ती खोली चालणार नाही."

"मंग किल्ली नानाकडे कसाले? जिले समजस तिलेच द्या." त्यांनी पुढच्या विषयाचा कागद ओढला. सुजाता तायडे कायम झाली, त्याला इतकाच वेळ लागला. माझ्या नावापुढे कार्यवृत्तात समज दिल्याची एक ओळ आली. ती आजही तिथे असेल, आणि असावी.

सोमवारी यादी मुदतीत गेली. त्याच दिवशी पाच वाजता मी सवयीने काचेच्या खोलीकडे गेलो आणि दाराबाहेर थांबलो. किल्ली आता सुजाताकडे होती. ती आत टेप लावत होती. मी चपला काढल्या, आत जाऊन बसलो आणि दोन दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. "आषाढात तू मला हो म्हणायला सांगितलं होतंस. कार्तिकात मी थांबवलं, तेव्हा तुला कळलं होतं का?"

"एकदा नोंद दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

तिने टेप आत सरकवली. यंत्र धावू लागले. "तुम्ही उपरणं सावरत, घाईघाईनं निघालेले असायचात. देवाच्या कामाला निघालेल्या माणसाला कसं अडवायचं, नाना? आम्हाला अडवताच नाही येत."

कापसाच्या गादीहून हे उत्तर मला जड वाटले. ती गादी चिमट्याने निघाली. माझ्या आचाराच्या तेजाने एका जाणत्या मुलीचे तोंड बंद केले होते, आणि ते मला इतके दिवस ऐकूही आले नव्हते. मी तिला म्हणालो, "यापुढे अडव."

ती नुसती हसली. पाच पस्तीसला प्रत उतरली, पडद्यावर प्रश्न आला आणि तिने 'हो' दाबले. खिडकीबाहेर सूर्य धुराड्याला टेकला. मी नकळत उठलो, उपरणे खांद्यावर घेतले, दारापर्यंत गेलो.

"नाना, थांबा," पाठीमागून आवाज आला. "अजून अर्ध्याच्या वर बाकी आहे."

मी परत येऊन बसलो.